‘एफ् हो’ आणि ‘इन क्वो’ : आद्य ख्रिस्ती पापकल्पनेच्या विकासात भाषांतराचे स्थान

ख्रिस्ती धर्मविचाराच्या इतिहासाचे विवेचन करताना भाषाशास्त्राचा आधार घेण्याची एक विशिष्ट रीत बरीच रूढ झाली आहे. एखादा मोठा सिद्धांत घ्यावयाचा, त्याच्या मुळाशी असलेले वचन शोधावयाचे, ते एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना नेमके कोठे घसरले ते दाखवावयाचे, आणि मग तो सिद्धांत म्हणजे त्या घसरणीचे फळ होय असा निर्णय द्यावयाचा. जन्मपापाच्या सिद्धांताइतका हा प्रयोग दुसऱ्या कोणत्याही सिद्धांतावर झाला नसेल. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, बाराव्या वचनात, ‘एफ् हो’ असा ग्रीक शब्दप्रयोग केला; लॅटिन भाषांतरकाराने त्याचे ‘इन क्वो’ केले; ऑगस्टीनला ग्रीक बेताचेच येत होते; त्यामुळे ‘सर्वांनी पाप केल्यामुळे’ या अर्थाच्या जागी ‘ज्याच्या ठायी सर्वांनी पाप केले’ हा अर्थ आला; आणि एका शब्दयोगी अव्ययाच्या चुकीची शिक्षा पाश्चात्त्य ख्रिस्ती जगाने दीड हजार वर्षे भोगली. हे कथानक पाठ्यपुस्तकांतून आढळते, पदव्युत्तर प्रबंधिकांतून आढळते, आणि भाषेच्या सामर्थ्याचा बिनतोड पुरावा म्हणून आमच्या वर्गांतही हमखास ऐकावयास मिळते.

प्रस्तुत लेखकाचे शास्त्र भाषेचेच असल्यामुळे या कथानकाने त्याला संतोष वाटावयास हवा. तो वाटत नाही, कारण उपलब्ध पुरावा या कथानकाला अनुकूल नाही. पापकल्पनेच्या घडणीत भाषेने मोठे कार्य केले याविषयी शंका नाही. परंतु ज्या ठिकाणी ते झाले म्हणून सांगितले जाते, तेथे ते झालेले दिसत नाही. या विधानाची छाननी करीत असताना पापविषयक दोन अलीकडच्या ग्रंथांचाही परामर्श घ्यावा असा विचार आहे. त्यांपैकी एक गॅरी अँडरसन यांचा ‘सिन : अ हिस्टरी’ (२००९) आणि दुसरा पॉला फ्रेड्रिक्सन यांचा ‘सिन : द अर्ली हिस्टरी ऑफ ॲन आयडिया’ (२०१२). दोन्ही ग्रंथ वाचनीय आहेत, आणि दोहोंच्या मर्यादा परस्परांच्या उलट आहेत.

प्रथम व्युत्पत्तीचा मोह दूर केला पाहिजे. ‘हमार्तिया’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘नेम चुकणे’ असा आहे, म्हणून ख्रिस्ती पापकल्पनेचे सार म्हणजे ध्येय चुकणे होय, असे प्रवचनकार सांगतात व काही अभ्यासकही तसेच मानतात. होमरच्या काव्यात फेकलेला भाला चुकतो तेव्हा याच धातूचा उपयोग होतो हे खरे. हिब्रूतील समानार्थी धातूचाही असा उपयोग एके ठिकाणी आहे. शास्त्यांच्या ग्रंथात केसाइतक्या लक्ष्यावरही न चुकता गोफण चालवणाऱ्या योद्ध्यांचा जो उल्लेख येतो, तेथे तोच धातू योजिला आहे. परंतु पहिल्या शतकातील ग्रीकभाषी यहुद्याच्या कानी ‘हमार्तिया’ हा शब्द पडे तेव्हा त्याला भाला आठवत असेल असे मानण्यास कोणताही आधार नाही. जेम्स बार यांनी १९६१ साली ‘द सिमँटिक्स ऑफ बिब्लिकल लँग्वेज’ या ग्रंथात या पद्धतीचा जो समाचार घेतला, त्यानंतर ती संपुष्टात यावयास हवी होती. शब्दाचा अर्थ त्याच्या कुळात शोधावयाचा नसतो, त्याच्या वापरात शोधावयाचा असतो, हे बार यांचे म्हणणे आज कोणीही नाकारणार नाही. तरीही ‘नेम चुकणे’ काही मरत नाही.

वापराकडे पाहिले तर चित्र अधिक गुंतागुंतीचे आणि अधिक मनोरंजक दिसते. हिब्रू ग्रंथांत पापासाठी मुख्यतः तीन शब्द येतात : ‘हत्तात’, ‘आवोन’ आणि ‘पेशा’. यांपैकी ‘हत्तात’ हा शब्द पापालाही लागतो आणि पापासाठी अर्पावयाच्या बलीलाही लागतो. हा बली मुळात शुद्धीकरणाचा होता, त्याचे नाव ‘शुद्ध करणे’ या अर्थाच्या क्रियारूपावरून आले आहे, असे जेकब मिल्ग्रोम यांनी आग्रहाने प्रतिपादिले. ग्रीक भाषांतरकारांनी बलीसाठीही ‘हमार्तिया’ याच शब्दाचा आश्रय केला, आणि त्यामुळे मूळ ग्रीक शब्दाच्या अंगी नसलेली एक यज्ञीय छटा त्याला चिकटली. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल ख्रिस्ताला ‘हमार्तिया’ केले गेले असे म्हणतो. तेथे पाप अभिप्रेत आहे की पापबली, याचा निर्णय आजही एकमताने झालेला नाही.

अँडरसन यांचे मुख्य प्रमेय रूपकांविषयी आहे. प्राचीन हिब्रूत पाप हा भार असतो. ‘नासा आवोन’ या वाक्प्रचाराचा अर्थ एके ठिकाणी पापाचा भार वाहणे, म्हणजे दोषी असणे, असा होतो. आणि दुसऱ्या ठिकाणी तो भार उचलून नेणे, म्हणजे क्षमा करणे, असा होतो. लेवीय ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात प्रमुख याजक बकऱ्याच्या मस्तकावर दोन्ही हात ठेवून लोकांच्या पापांचा उच्चार करतो आणि तो बकरा ती पापे अरण्यात वाहून नेतो. हा विधी म्हणजे या रूपकाचे दृश्य रूपच होय. पुढे आरामी भाषेचा प्रभाव वाढला, आणि आरामीत ‘होबा’ हा एकच शब्द आर्थिक ऋण आणि पाप या दोहोंचा वाचक असल्यामुळे पाप हे ऋण बनले. ऋण म्हटले की धनको आला, खतपत्र आले, फेड आली आणि सूटही आली. दानिएलाच्या आरामी भागात राजाला जो उपदेश केला आहे तो याच विचाराचा : दीनांवर दया करून आपली पापे सोडवून घे. येथून दानधर्म हे स्वर्गातील ठेवीसारखे आहे या कल्पनेपर्यंतचा प्रवास अँडरसन यांनी मोठ्या रसिकतेने रेखाटला आहे.

या प्रमेयाचा उत्तम पुरावा येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत मिळतो. मत्तयाच्या पाठात ‘ऋणे’ हा शब्द आहे आणि लूकच्या पाठात ‘पापे’. ग्रीकमध्ये ‘ओफेइलेमा’ म्हणजे केवळ देणे. नैतिक अपराधाला तो शब्द सामान्य ग्रीक वाचक लावीत नसे. ग्रीक वाचकांसाठी लिहिणाऱ्या लूकला ही अडचण जाणवली असावी, म्हणून त्याने ‘हमार्तिया’ घातला. परंतु त्याच वाक्याच्या उत्तरार्धात, आम्हीही इतरांना क्षमा करतो असे म्हणताना, त्याच्या लेखणीतून ‘देणे लागणारा’ हाच शब्द उतरला. सेमिटिक रूपक पुसताना अर्धे पुसले गेले आणि अर्धे राहिले. भाषांतराची खूण इतक्या स्पष्टपणे क्वचितच सापडते. मराठी वाचकाला या स्थळी फारशी अडचण वाटत नाही, कारण प्रचलित मराठी शुभवर्तमानात मत्तयाचे ‘ऋण’ तसेच ठेवले आहे, आणि ‘ऋण’ या शब्दाला आपल्याकडे धार्मिक अर्थ तैत्तिरीय संहितेतील ऋणत्रयाच्या कल्पनेपासून आहेच.

तथापि अँडरसन यांचे ‘भार गेला आणि ऋण आले’ हे सूत्र फार नेटके आहे. योहानाच्या शुभवर्तमानात जगाचे पाप उचलून नेणारा कोकरा आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात पापे देहावर वाहून नेली आहेत. भार कोठेही गेलेला नाही. आणि पौलाकडे वळले तर भारही गौण ठरतो व ऋणही. रोमकरांस पत्राच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांत ‘हमार्तिया’ बहुधा एकवचनी आहे आणि वाक्यात कर्त्याच्या जागी बसली आहे. ती जगात प्रवेश करते, राज्य करते, माणसाच्या ठायी वस्ती करते, त्याला फसवते, ठार करते, आणि आपल्या चाकरांना वेतनही देते. हे वेतन ‘ऑप्सोनिया’ म्हणजे सैनिकाला मिळणारा शिधा-पगार होय. एखाद्या भाववाचक नामाला अशी कर्तृवाचक क्रियापदे सातत्याने जोडली गेली की ते नाम कृत्याचे नाव राहात नाही, सत्तेचे नाव होते. आपण जे करतो ते पाप, या कल्पनेपासून आपल्यावर जे सत्ता चालविते ते पाप, या कल्पनेपर्यंतची वाट पौलाने वाक्यरचनेच्या बळावर काढली. पापकल्पनेच्या इतिहासात भाषेने केलेले पहिले मोठे काम हे होय, असे आम्हांस वाटते. यात भाषांतराचा काही संबंध नाही. ते मूळ ग्रीकमध्येच घडले.

या सत्तेचा आदामाशी संबंध कसा, हा प्रश्न पौलाने सोडवला नाही. त्याच्या काळी तो यहुदी समाजातही वादग्रस्तच होता. यरुशलेमचे मंदिर इ. स. ७० मध्ये उद्ध्वस्त झाल्यानंतरच्या दोन ग्रंथांत हा वाद दोन्ही बाजूंनी दिसतो. एज्राच्या नावावरील चौथ्या ग्रंथात, आदामाचे पतन त्याच्या एकट्याचे नव्हते, ते आम्हां सर्वांचे झाले, असा विलाप आहे. तर बारूखाच्या नावावरील दुसऱ्या ग्रंथात प्रत्येक मनुष्य स्वतःचाच आदाम आहे असे ठामपणे म्हटले आहे. सारांश, जन्मपापाचा प्रश्न लॅटिन भाषेला पडण्यापूर्वीच पडलेला होता.

आता मूळ कथानकाकडे वळू. रोमकरांस पत्रातील वचनाचा ‘ज्याच्या, म्हणजे आदामाच्या, ठायी’ असा अर्थ लॅटिनमध्ये ज्याने स्पष्टपणे लावला, तो भाष्यकार आज अँब्रोझियास्टर या नावाने ओळखला जातो. नाव पुढील काळातील आहे, खरा माणूस अज्ञात आहे. पोप दमासस याच्या कारकीर्दीत, म्हणजे ३६६ ते ३८४ या काळात, त्याने रोममध्ये लिहिले. आदामाच्या ठायी सर्वांनी जणू एका गोळ्यात पाप केले, हे शब्द त्याचेच. कथानक खरे असते तर हा मनुष्य ऑगस्टीनच्या निष्कर्षाप्रत यावयास हवा होता. परंतु तो लगेच पुढे सांगतो की दुसरा मृत्यू, म्हणजे नरकातील मृत्यू, आपणास आदामाच्या पापाने येत नाही. आदामाचे पाप निमित्त होते, पण तो मृत्यू आपण स्वतःच्या पापांनी मिळवतो. अव्यय तेच, त्याचा अर्थही तोच, आणि तरीही वंशपरंपरागत दंडाचा सिद्धांत नाही!

उलट बाजूचा पुरावा याहून बोलका आहे. ऑगस्टीनचा सर्वांत बुद्धिमान प्रतिपक्षी म्हणजे एक्लानम येथील बिशप जूलियन. तोही लॅटिन भाषक आणि त्याच्यासमोरही तेच ‘इन क्वो’. त्याने त्याचा अर्थ ‘ज्या कारणाने’ असा केला. पेलेजियसने तर ऑगस्टीनच्या पूर्वीच रोममध्ये पौलाच्या पत्रांवर भाष्य लिहिले, आणि आदामाचे पाप अनुकरणाने पसरते असा अर्थ त्याच लॅटिन शब्दांतून काढला. म्हणजे लॅटिन भाषेने कोणालाही कोणत्याही अर्थाची सक्ती केली नव्हती. ग्रीक शब्दप्रयोगही वाटतो तितका निःसंदिग्ध नाही. ‘कारण’ हा अर्थ बहुसंख्य अभ्यासक मान्य करतात, परंतु जोसेफ फिट्झमायर यांनी १९९३ साली त्याला परिणामवाचक, म्हणजे ‘ज्याचा परिणाम म्हणून’ अशा अर्थाचा, मानावे असा पक्ष मांडला. मूळ ग्रीकमध्ये एक स्वच्छ अर्थ होता व तो लॅटिनमध्ये बिघडला, ही मांडणी करणारे या मतभेदाचा उल्लेख सहसा करीत नाहीत.

ऑगस्टीनने स्वतः काय केले ते पाहावे. ४१२ सालच्या ‘पापांचे दोष व त्यांची क्षमा’ या ग्रंथात तो ‘इन क्वो’ चा संबंध पापाशी किंवा आदामाशी असा दोहोंपैकी कोणाशीही जोडावयास तयार आहे. लॅटिनमध्ये ‘पेक्कातुम’ नपुंसकलिंगी असल्यामुळे व्याकरणाची हरकत नव्हती. पुढे सुमारे ४२० साली, पेलेजियनांच्या दोन पत्रांना उत्तर देताना, तो पहिला पर्याय सोडतो. कारण काय देतो? ग्रीकमध्ये ‘हमार्तिया’ स्त्रीलिंगी आहे, म्हणून तो सर्वनाम-प्रयोग पापाकडे वळू शकत नाही. मृत्यूवाचक ग्रीक शब्द पुल्लिंगी असल्याने त्याचा विचार व्हावयास हवा, पण ‘मृत्यूच्या ठायी पाप केले’ या म्हणण्यास अर्थ राहात नाही. म्हणून उरतो तो आदाम. त्याचा निष्कर्ष आपणास मान्य नसेल. परंतु ग्रीक न पाहता लॅटिनने फसलेल्या माणसाची ही रीत नव्हे. येथे तो अँब्रोझियास्टरचे वाक्य हिलरी या संताच्या नावावर उद्धृत करतो, ही गोष्ट निराळी.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा कालक्रमाचा आहे. मनुष्यजात हा पापाचा एक गोळा आहे, हा विचार ऑगस्टीनने पेलेजियसशी वाद सुरू होण्यापूर्वी सुमारे पंधरा वर्षे, ३९६-३९७ च्या सुमारास सिंप्लिसियानुस याला लिहिलेल्या उत्तरांत मांडला. तेथे तो रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायाचा, याकोब आणि एसाव यांच्या निवडीचा, विचार करीत आहे. जन्मण्यापूर्वीच एकावर प्रीती आणि दुसऱ्याचा द्वेष, हे न्यायी ईश्वराने कसे केले? गोळ्याची कल्पना त्या अध्यायातील कुंभाराच्या मातीवरून आली, आणि त्या ठिकाणी पुरावा म्हणून त्याने जे वचन घेतले ते आदामाच्या ठायी सर्व मरतात हे करिंथकरांस पहिल्या पत्रातील. या वचनात ग्रीक आणि लॅटिन यांच्यात कसलीही तफावत नाही. सिद्धांताची बैठक येथे तयार झाली. ‘इन क्वो’ वादाच्या रणात नंतर हाती आले.

शब्दाच्या मागे लागावयाचेच असेल तर ‘इन क्वो’ पेक्षा त्याच वचनातील एका गळलेल्या शब्दाकडे लक्ष द्यावे. ऑगस्टीनच्या लॅटिन प्रतीत ‘आणि अशा रीतीने सर्व माणसांपर्यंत पोचला’ या वाक्यखंडात ‘मोर्स’ म्हणजे मृत्यू हा कर्ता नव्हता. काही ग्रीक हस्तलिखितांतही तो नाही. मग पोचले काय, पाप की मृत्यू? हे संदिग्ध आहे असे ऑगस्टीन स्वतःच नमूद करतो. कर्ता गळल्यामुळे पापच पिढ्यान्‌पिढ्या संक्रमित होते असे वाचण्यास वाव मिळाला. ग्रीक परंपरेत मृत्यू हा शब्द ठळक राहिला, आणि क्रिसोस्टोमसारखा भाष्यकार आदामापासून आपणास मर्त्यता मिळाली यावर भर देतो. पाठभेदाचा हा मुद्दा अव्ययाच्या मुद्द्यापेक्षा भक्कम आहे; केवळ तो तितका चटकदार नाही.

येथवर आपण ग्रंथांच्या जगात वावरलो. परंतु सिद्धांत ग्रंथांतूनच जन्मतात असे मानणे हा आम्हां विद्यापीठीय मंडळींचा व्यावसायिक दोष आहे. इ. स. २५३ च्या सुमारास कार्थेज येथे सहासष्ट बिशपांची सभा भरली. फिदुस नावाच्या एका बिशपाने विचारले होते की बालकाचा बाप्तिस्मा सुंतेप्रमाणे आठव्या दिवसापर्यंत थांबवावा काय? सिप्रियनने सभेच्या वतीने उत्तर लिहिले : थांबू नये. बालकाने स्वतः काही पाप केलेले नाही. आदामाच्या वंशात देहाने जन्म घेतल्यामुळे प्राचीन मृत्यूचा संसर्ग मात्र त्याला झाला आहे. त्याला क्षमा होते ती स्वतःच्या पापांची नव्हे, परक्याच्या पापांची. या पत्रात रोमकरांस पत्रातील ते वचन नाही. हा विचार ऑगस्टीनच्या जन्मापूर्वी शंभर वर्षे, एका व्यवहारी प्रश्नाच्या उत्तरादाखल, आफ्रिकेतील धर्मसभेच्या कागदपत्रांत उतरलेला आहे. तत्पूर्वी टर्टुलियनने बालकांच्या बाप्तिस्म्याची घाई कशाला, निरागस वयाने पापक्षमेकडे का धावावे, असे विचारले होते. आणि त्याच टर्टुलियनने आत्म्याविषयीच्या ग्रंथात मूळ उत्पत्तीपासूनच्या दोषाची भाषा केली होती. ग्रीक लिहिणारा ओरिजेनही बालकांच्या बाप्तिस्म्याचे कारण जन्माबरोबर येणारी मलिनता असे देतो. त्याची ही प्रवचने आपणास लॅटिन रूपांतरांतूनच पोचली आहेत, हे लक्षात ठेवले तरी त्याने आधार घेतला तो ईयोब व स्तोत्रे यांचा, अव्ययाचा नव्हे.

म्हणजे क्रम उलटा दिसतो. बाप्तिस्मा पापक्षमेसाठी आहे असा मतमंत्र ठरलेला. बालकांना बाप्तिस्मा देण्याची चाल रुळलेली. मग बालकाला क्षमा कशाची, हा प्रश्न अटळ. आचाराने प्रश्न उभा केला आणि वचने उत्तरासाठी धुंडाळली गेली.

फ्रेड्रिक्सन यांच्या ग्रंथाची उणीव नेमकी येथे जाणवते. त्यांनी येशू, पौल, वॅलेंटिनस, मार्सियन, जस्टिन, ओरिजेन आणि ऑगस्टीन अशा सात व्यक्तींच्या आधारे पहिल्या चार शतकांचा इतिहास सांगितला आहे. प्रत्येकाची पापकल्पना त्याच्या ईश्वरकल्पनेशी आणि विश्वरचनेशी कशी निगडित आहे, हे त्यांनी फार चांगले दाखविले आहे. विशेषतः पौलाच्या दृष्टीने परराष्ट्रीयांचे प्रधान पाप म्हणजे मूर्तिपूजा, हा त्यांचा आग्रह उचित आहे. नंतरच्या मानसशास्त्रीय वाचनाने ही गोष्ट पार झाकून टाकली होती. ओरिजेन आणि ऑगस्टीन यांना समोरासमोर ठेवण्यातही मर्म आहे : एकाच पौलाला वाचून पहिल्याने सर्वांच्या अंतिम उद्धाराची आशा बांधली आणि दुसऱ्याने बहुसंख्यांच्या न्याय्य विनाशाची खात्री. परंतु या सातांत सिप्रियन नाही. इ. स. २५० मध्ये सम्राट डेसियसच्या आज्ञेने ज्यांनी देवतांना बळी दिले, किंवा दिल्याची प्रमाणपत्रे मिळविली, त्यांना पुन्हा मंडळीत घ्यावे की नाही यावरून जो प्रचंड कलह झाला, त्याने पापाला मापे लावली, प्रायश्चित्ताला मुदती लावल्या आणि क्षमेचा अधिकार बिशपाच्या हाती दिला. विचारवंतांच्या शिखरावरून शिखरावर उडी घेणाऱ्या इतिहासात ही दरी दिसत नाही. अँडरसन रूपकांच्या मागे जाताना व्यक्ती विसरतात. फ्रेड्रिक्सन व्यक्तींच्या मागे जाताना मंडळी विसरतात.

मग ऑगस्टीनच्या बाबतीत भाषेने काहीच केले नाही काय? केले, आणि ते अँडरसन यांच्याच रूपकाने केले, जरी त्यांचा स्वतःचा कल सिरियाई कवी व रब्बी यांच्याकडे अधिक आहे. सिंप्लिसियानुसला दिलेल्या उत्तरात गोळ्याचे वर्णन करताना ऑगस्टीन म्हणतो की हा गोळा ईश्वरी न्यायाला दंडाचे देणे लागतो; ते देणे वसूल केले काय किंवा माफ केले काय, अन्याय होत नाही. सारी मदार या एका उपमेवर आहे. पाप हा रोग मानला तर एका रोग्याला बरे करून दुसऱ्याला तसेच ठेवणारा वैद्य निर्दय ठरतो. पाप हा भार मानला तर एकाचाच भार उतरविणाऱ्याला पक्षपाती म्हणावे लागते. धनकोची गोष्ट वेगळी : त्याने एका ऋणकोला सूट दिली म्हणून दुसऱ्याला तक्रारीचा हक्क उत्पन्न होत नाही. याकोब आणि एसाव यांच्या निवडीचे समर्थन केवळ ऋणाच्या भाषेतच शक्य होते. ऑगस्टीन रोगाचीही भाषा विपुल वापरतो, आणि पाप संक्रमित कसे होते हे सांगताना तीच त्याच्या उपयोगी पडते. परंतु संक्रमित झाल्यावर बालक दंडास पात्र का, याचे उत्तर रोगाच्या भाषेत नाही. तेथे तो ‘रेआतुस’ हा न्यायालयातील शब्द आणतो आणि बाप्तिस्म्याने दायित्व जाते, विकार उरतो, अशी विभागणी करतो. दोन रूपके एकत्र शिवली आहेत. जूलियनने बोट ठेवले ते त्या शिवणीवर. निसर्गाने येते ते पाप नव्हे आणि पाप असेल ते निसर्गाने येत नाही, हा त्याच्या आक्षेपाचा गाभा. आणि जो ईश्वर नवजात अर्भकाला परक्याच्या कृत्यासाठी दंड करतो त्याला न्यायी म्हणावे कसे, हा त्याचा प्रश्न. ऑगस्टीन ४३० मध्ये मृत्यू येईपर्यंत या प्रश्नाला उत्तर लिहीत होता आणि ते उत्तर अपुरेच राहिले.

ऋण हे वारशाने येते, ही गोष्टही दुर्लक्षिण्यासारखी नाही. रोमन कायद्यात वारसा पत्करणारा मृताच्या मालमत्तेबरोबर त्याच्या देण्याचाही धनी होई, मग देणे मालमत्तेहून अधिक का असेना. मालमत्तेपुरतीच जबाबदारी घेण्याची सवलत जस्टिनियनने ५३१ मध्ये दिली. आपल्याकडे पित्याचे ऋण पुत्राने फेडावे हे धर्मशास्त्राने पवित्र कर्तव्य मानले होते आणि न्यायालयांनी ते २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्ती अधिनियमापर्यंत मानले. परंतु आपल्या स्मृतिकारांनी द्यूत आणि मद्य यांपायी झालेले ऋण त्यातून वगळले होते. आदामाच्या ऋणाला असा अपवाद कोणी सुचविला नाही.

या रूपकाचा व भाषांतराच्या वादाचा संगम एका प्रसंगी झालेला आहे, आणि तो प्रचलित कथानकाला पुरता छेद देणारा आहे. जूलियनने आपल्या पक्षासाठी क्रिसोस्टोमचे एक प्रवचन लॅटिनमध्ये उद्धृत केले : आम्ही बालकांनाही बाप्तिस्मा देतो, जरी ती पापाने मलिन नसतात. ४२१ च्या सुमारास ‘जूलियनविरुद्ध’ या ग्रंथात ऑगस्टीनने मूळ ग्रीक शब्द पुढे ठेवले आणि दाखविले की क्रिसोस्टोमने अनेकवचन वापरले आहे. बालकांना ‘पापे’ नसतात, म्हणजे स्वतः केलेली कृत्ये नसतात, एवढेच त्याने म्हटले. एकवचनाने अर्थ पालटतो. पुढे त्याच प्रवचनकाराचे दुसरे वाक्य तो ग्रीकमध्येच देतो. त्यात ख्रिस्ताला आपले पिढीजात खतपत्र सापडले, ते आदामाने लिहिले होते, ऋणाचा आरंभ त्याने केला आणि व्याज आपण आपल्या पापांनी वाढविले, असा आशय आहे. कलस्सैकरांस पत्रात वधस्तंभावर खिळलेल्या ज्या खताचा उल्लेख आहे त्यावर हे रचलेले आहे. लॅटिनच्या चुकीचा बळी म्हणून ज्याला ओळखावयाचे, तो येथे प्रतिपक्षाचे चुकलेले लॅटिन भाषांतर ग्रीकच्या आधारे सुधारीत आहे. आणि आदामाच्या ऋणाचे रूपक तो ज्याच्या मुखातून काढून दाखवितो तो पूर्वेकडील ग्रीक वक्ता आहे. अर्थात क्रिसोस्टोमने त्या खतातून अर्भकांचा दंड काढला नाही. आदामाने आरंभिले व आपण वाढविले, यातील दुसऱ्या अर्ध्यावर त्याचा भर आहे, आणि ऑगस्टीनचा पहिल्यावर.

रूपक एकटे सिद्धांत घडवीत नाही, हेही यावरून दिसते. सिरियाई मंडळीच्या भाषेत पाप आणि ऋण यांना एकाच धातूचे शब्द होते, तेथील कवींनी खतपत्राची कल्पना मनमुराद खुलविली, आणि ऑगस्टीनचा सिद्धांत तेथे उपजला नाही. ऋग्वेदातही वरुणाजवळ ऋणे दूर करण्याची, इतरांनी केलेल्याचा भोग आपणास न येवो अशी आणि पितरांच्या अपराधांतून सोडविण्याची याचना आहे. तिच्यातून तसा सिद्धांत निघाला नाही. कार्थेजमध्ये मात्र ऋणाच्या रूपकाला बालकांच्या बाप्तिस्म्याचा रुळलेला आचार, याकोब-एसावाचा कूटप्रश्न आणि सभा भरवून निर्णय देणारी संस्था, ही तिन्ही एकाच वेळी लाभली. ४१८ च्या मे महिन्यात तेथे जमलेल्या दोनशेहून अधिक बिशपांनी बालकांच्या बाप्तिस्म्याविषयीच्या नियमात रोमकरांस पत्रातील ते वचन घातले, आणि तेव्हापासून ‘इन क्वो’ ला कायद्याचे बळ आले. त्याच वर्षी पोप झोसिमस याच्या निषेधपत्रावर सही करण्याचे नाकारल्यामुळे जूलियन व त्याचे अठरा सहकारी बिशप पदच्युत झाले. तीनच वर्षांपूर्वी पॅलेस्टाइनमध्ये दियोस्पोलिस येथील धर्मसभेने पेलेजियसला निर्दोष ठरविले होते. त्याच वर्षी यरुशलेमच्या चौकशीत फिर्यादी ओरोसियस लॅटिन बोलत होता, आरोपी ग्रीक बोलू शकत होता, आणि दुभाषा आपले म्हणणे धड पोचवीत नाही अशी ओरोसियसने पुढे तक्रार लिहून ठेवली. भाषांतराचा परिणाम शोधणाऱ्याने अव्ययापेक्षा या दुभाष्याचा शोध घेतला तर अधिक हाती लागेल.

राहता राहिला मराठीचा प्रश्न. प्रचलित मराठी भाषांतरात रोमकरांस पत्रातील वचन कारणवाचक रचनेने दिले आहे, आणि ग्रीकच्या दृष्टीने ते ठीकच आहे. परंतु त्यावरून ऑगस्टीन-जूलियन वाद मराठीत शिकविता येत नाही, कारण ज्या संदिग्धतेवर तो चालला ती मराठी वाक्यात उरतच नाही. ‘ज्यात’ हे रूप पुल्लिंगी व नपुंसकलिंगी दोन्हींना चालते, आणि स्थान व प्रसंग या दोन्ही अर्थांनी ढिले आहे. अध्यापनाकरिता ‘ज्यात सर्वांनी पाप केले’ असे रूपांतर वापरून पाहावे. ‘जन्मपाप’ आणि ‘मूळ पाप’ हे दोन शब्दही सरसकट एकमेकांसाठी वापरले जातात. पहिल्यात बालकाची स्थिती आहे, दुसऱ्यात आदामाचे कृत्य. ऑगस्टीनच्या लॅटिन संज्ञेत दोन्ही अर्थ दडलेले असले तरी जूलियनचा आक्षेप पहिल्यावर आहे, दुसऱ्यावर नाही. निदान या वादापुरता ‘जन्मपाप’ हाच शब्द राखून ठेवावा. आणि ‘देबितुम’ चे भाषांतर करताना ‘अपराध’ हा सोज्ज्वळ पर्याय न घेता ‘ऋण’ किंवा सरळ ‘देणे’ ठेवावे, कारण ‘अपराध’ घातला की धनको नाहीसा होतो, आणि एकाला सूट व दुसऱ्याकडून वसुली यात अन्याय का नाही, हे ऑगस्टीनचे म्हणणे वाचकाला कळावयास मार्ग उरत नाही.